तोंडपाठ वाचन

मला राग लवकर येतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, कारण ही मुलं मोठ्यांच्या कपाळावरची प्रत्येक आठी टिपतात आणि तिचा दोष स्वतःकडे घेतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी शाबूत असते, बऱ्याचदा तल्लखच असते. फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ त्याच्या डोक्यात आपोआप बसत नाही, ती हातानं, डोळ्यानं, तोंडानं पुन्हा पुन्हा मारावी लागते. हे घरच्यांना कळेपर्यंत शाळेत आळशी, ढ, लक्ष नसलेला अशी सगळी नावं पडून झालेली असतात. म्हणून मी सांगते, ही बाई चिडते ती स्कूटरवर, नवऱ्यावर, आणि सगळ्या वर्गादेखत उभं करून वाचायला लावणाऱ्या शिक्षकांवर. तुमच्यावर नाही. या खोलीचा नियम एकच आहे. "येत नाही" असं इथे मोठ्यानं म्हणायचं. म्हटलं की आपण दोघं मिळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

हा नियम माझा मीच काढलेला, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

नवऱ्याला कडकोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो, त्याला आता वीसेक वर्षं झाली. हे शिक्षण मी इथेच घेतलं. गोकुलममध्ये आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा वर्ग चालतो. खालच्या रस्त्यानं काखेत चटया मारून परदेशी मंडळी योगाला जातात आणि वर आम्ही रव्याच्या ताटात बोटानं अक्षरं काढत, त्यांचे आवाज मोठ्यानं म्हणत बसतो. दोन्हीकडे श्वासालाच महत्त्व आहे, असं नवरा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला.

ती मुलगी आठवीत असताना आली. आई तिला मनगटाला धरून जिना चढवत होती. त्यांच्या घराण्यातले कोणी पूर्वी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई होते, तेव्हापासून हे लोक इथलेच. घरात मराठी, पण ती कन्नडचा हात धरून चालणारी. पहिल्या भेटीतच आईनं मला मोठी बहीण करून टाकलं. "अक्का," ती म्हणाली, "हिला सगळं कळतं, हौदु, हो, पण पुस्तक हातात दिलं की सुम्ने, गप बसती बघा. तोंडातून आवाज नाही. शाळेत म्हणतात, हिला शिकायचं मनच नाही."

मराठी मंडळात मला भेटतात ती माझ्यासारखीच नोकरीसाठी आलेली माणसं. आम्ही एकमेकांना पुण्या-साताऱ्याच्या बातम्या सांगतो आणि घरी जातो. या बाईची ती वाकडीतिकडी मराठी ऐकली आणि मला वाटलं, या गावात आपलं कोणीतरी आहे. माझी फसगत खरं म्हणजे तिथूनच सुरू झाली, पण त्यात त्या बिचारीचा दोष नाही.

मुलीची नखं मुळापर्यंत कुरतडलेली. वाचायचा कागद पुढे आला की तिला तहान लागायची. पाणी पिऊन झालं की बाथरूमला जायचं असायचं. तिथून आल्यावर केसांची रिबीन सुटलेली असायची. मी काही बोलत नव्हते. आम्ही रव्यात अक्षरं काढत होतो, शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवत होतो, रंगीत ठोकळे मांडत होतो. चौथ्या महिन्यात एके दुपारी तिनं कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "येत नाही, मिस." मी इतकी खूश झाले की टाळीच वाजवली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी बोलली. वर्गात रांगेनं वाचायला सांगतात तेव्हा ती आधी बाकं मोजायची आणि आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते काढायची. मग शेजारच्या मैत्रिणीकडून तेवढा कानात वाचून घ्यायची आणि आपली पाळी आली की पुस्तकात बघत घडाघडा म्हणून टाकायची. "कधीकधी सर उलटीकडून सुरू करतात, मिस. मग झालंच." मी हसले, तिला जवळ घेतलं, आणि म्हटलं की इथे तुला असलं काही करावं लागणार नाही. हे सगळं मी माझ्या नोंदवहीत तारीख घालून लिहूनही ठेवलं. लिहून ठेवून विसरणं हे मला छान जमतं.

त्या नवरात्रात तिच्या आईनं मला त्यांच्या देवीच्या देवळात बोलावलं. त्यांच्या घरच्या बायका तिथे बसून देवीची गाणी म्हणतात, एकापाठोपाठ एक, तासन्‌तास. कुणाच्याही हातात पुस्तक नाही. एका नव्या सुनेनं पदराआडून घडी केलेला कागद काढला, तर समोरची म्हातारी गाणं न थांबवता तिच्याकडे बघत राहिली. सुनेनं कागद परत ब्लाउजात खोचला आणि नुसते ओठ हलवत बसली. माझ्या शेजारी बसलेली आई कानाशी लागून म्हणाली, "आमच्यात कागद बघून म्हटलं की त्याला येत नाही म्हणतात, अक्का." तिच्या मांडीला मांडी लावून मुलगी बसली होती, आणि ती एकाही ओळीवर अडखळली नाही. वाचायच्या कागदासमोर जिची मान खाली जायची ती हीच का, असं मला वाटलं. घरी येताना मी आईला कौतुकानं सांगितलं, की हिची स्मरणशक्ती विलक्षण आहे, हीच हिची ताकद आहे, हिचा उपयोग करून घेतला पाहिजे. म्हणजे कल्पना मीच दिली म्हणायची.

आठवड्यातून दोनदा ती मुलीला घेऊन यायची आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसून राहायची. मला ते बघवेना. मी तिला वर बोलावलं. मग ती माझ्यासाठी फिल्टर कॉफी करू लागली, अक्षरांच्या पत्त्यांना प्लास्टिकचं कव्हर घालू लागली, पेन्सिलींना टोकं करू लागली. मुलांसाठी वाचनाच्या छोट्या गोष्टी मी स्वतः लिहिते. प्रत्येकाच्या पायरीप्रमाणे, त्याला येणाऱ्या अक्षरांतच बसतील अशा. शाळा इंग्रजी माध्यमाच्या असल्यामुळे गोष्टीही इंग्रजीत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांचे कागद मुलाच्या नावाच्या फायलीत घालून कपाटात ठेवलेले असतात. मला तिसऱ्या मुलाच्या तासानंतर दम लागतो, म्हणून कपाटाची एक किल्ली मी तिला दिली. फायली ती काढून ठेवायची, परत लावायची. मला कोणी सांगितलं असतं की ही चूक आहे, तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. माझ्या आईच्या आजारपणाबद्दल मी फक्त तिच्याशी बोलले होते. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, ते ती फक्त मला सांगायची. जवळच्या एच. डी. कोटे गावाकडचं एक चांगलं स्थळ होतं, पण त्यांनी विचारलं होतं म्हणे, की धाकटीच्या डोक्यात काही आहे का, कुठल्यातरी डॉक्टरीणबाईकडे नेता ना तिला. मी डॉक्टर नाही, असं त्यांना सांगा, असं मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, आम्ही दोघी हसलो.

नववीच्या मध्यापासून मुलगी सुधारू लागली. आधी मी मुद्दाम विश्वास ठेवला नाही, मग ठेवला. जानेवारीत तिनं एक अख्खी गोष्ट न थांबता वाचली. बोट ओळीखालून सरकत होतं, स्वल्पविरामाला आवाज थांबत होता. माझ्या धंद्यात असा दिवस वर्षातून एखादाच येतो. मी तिथेच, मुलीसमोर, ढसाढसा रडले. तिनं मला माझाच रुमाल उचलून दिला.

आमच्या कामात तपासणीचे उतारे वेगळे असतात. मुलानं ते आधी कधीही पाहिलेले नसावेत, यातच त्यांचं सगळं मोल असतं. मी मार्चमध्ये ते कपाटातून काढले. त्याच कपाटातून. तिनं चारही उतारे वाचून दाखवले. मी अहवाल लिहिला, की मुलगी आता तिच्या वयाच्या मुलींइतकं वाचते. अशा अहवालाच्या शेवटी एक नेहमीची ओळ असते, की लिहिण्याचा वेग कमी असल्यानं दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा. लेखनिक म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारी आणि सांगितलेलं उत्तर लिहून देणारी खालच्या वर्गातली मुलगी. ती ओळ मी लिहिली नाही. त्या सवलतीचा अर्ज डिस्लेक्सियाच्या जुन्या प्रमाणपत्रावर शाळेमार्फत जाणारच आहे, असं मी धरून चालले होते, हे एक कारण. दुसरं कारण मी बरेच महिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या एका ओळीनं माझ्या यशाला ठिगळ लागल्यासारखं दिसलं असतं. अहवालाची एक प्रत मी शाळेत पाठवली, एक आईच्या हातात दिली, आणि पुढचे सहा महिने भेटेल त्या पालकाला या मुलीची गोष्ट ऐकवली.

दहावीत ती गप्प गप्प होऊ लागली. पोटात दुखतंय म्हणून तास चुकवायची. मी म्हटलं, बोर्डाची धास्ती. बोर्डाची धास्ती म्हटलं की म्हैसुरातल्या कुठल्याही मुलाचं काहीही खपून जातं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी तिच्यासाठी एका कुत्र्याची गोष्ट लिहिली होती. कुत्रा हरवतो, पोरं त्याला गल्लोगल्ली शोधतात, आणि शेवटी तो रस्त्याकडेला मेलेला सापडतो. फायलीत घालून ठेवल्यावर मला ते टोचत राहिलं. आधीच पोरगी मलूल, तिला कशाला मेलेला कुत्रा वाचायला द्यायचा? तास सुरू व्हायच्या जरा आधी मी शेवटचे दोन परिच्छेद बदलून कागद नव्यानं लिहिला. नव्या गोष्टीत कुत्रा बेकरीच्या पायरीवर पाव खाताना सापडतो.

तिनं वाचायला घेतलं. बोट सरकत होतं. आवाज हळूहळू जड झाला. कागदावर कुत्रा पाव खात होता आणि ती मला त्याच्या मरणाची गोष्ट सांगत होती, शब्द न शब्द, माझ्या जुन्या कागदावरचा. शेवटच्या ओळीला तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "हे तुला कोणी वाचून दाखवलं?"

तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "आईनं. ती फोनवर फोटो काढती ना तुमच्या फायलीचे. घरी वाचून सांगती. मग मी पाठ करते."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या गौरीपासून, मिस."

"आणि तपासणीचे उतारे?"

"ते पण." मग घाईघाईनं म्हणाली, "पण स्वल्प खरंच येतं आता. छोटे शब्द येतात. सगळं खोटं नाही."

मी विचारू नये ते विचारलं. आवाज चढला होता माझा. "या खोलीचा नियम काय आहे? येत नाही म्हणायचं. का नाही म्हणालीस? मी तुला कधी रागावले होते?"

तिनं नख तोंडात घातलं आणि काढलं. "तुमी रडलात ना त्या दिवशी, खुशीनं. मग मला म्हणायलाच येईना. मला वाटलं, तुमाला किती वाईट वाटेल."

सव्वा वर्ष. सव्वा वर्ष मी त्या मुलीला धीर देत होते आणि ती मला सांभाळत होती. माझ्या तोंडाकडे बघून, माझ्या आनंदासाठी, ती घरी जाऊन माझ्याच गोष्टी पाठ करत होती. मला त्या क्षणी तिची दया यायला हवी होती. आली नाही. मला फसवल्याचा संताप आला, त्या पोरीचाही आला, आणि तो तिला दिसला. हे मी लपवणार नाही.

आई तिला न्यायला आली तेव्हा मी मुलीला खाली आमच्या अंगणात बसायला सांगितलं आणि दार लावलं. मला वाटलं होतं, ती मान खाली घालेल, रडेल. ती शांतपणे खुर्चीवर बसली.

"रोज दोन-दोन तास बसून पाठ करती ती, अक्का. मी पण बसते. आमी कष्ट केले. ह्यात खोटं काय आहे?"

"ती वाचत नव्हती. म्हणून दाखवत होती."

"आमच्यात तेच मोठं म्हणतात की. पुस्तक न बघता म्हणणं. तुमीच म्हणालात, हिची ताकद आहे म्हणून."

मी म्हटलं होतं खरं. तेवढ्यानं तळपायाची आग मस्तकात जायची थांबली नाही. मी म्हटलं, "दहावीचा पेपर तुम्हाला आधी मिळणार आहे का फोटो काढायला? नशीब, लेखनिकाचा अर्ज तरी गेलाय. निदान प्रश्न तरी तिला कळतील."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग म्हणाली, "अर्ज नाही दिला."

"म्हणजे?"

"शाळेत तुमचा कागद दाखवला. आता नको म्हणून लिहून दिलं. तुमीच लिहिलं की, सगळ्यांसारखं वाचती म्हणून. ज्वर उतरला की गोळी बंद करतात, नाही का? आणि लेखनिक म्हणून नववीची मुलगी बसवतात. ती आमच्याच गल्लीतली असणार. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या लोकांत कळणार. थोरलीचं आता कुठं ठरत आलंय."

म्हणजे ती पाठांतरं, ती फिल्टर कॉफी, ते कव्हर घातलेले पत्ते, सगळं त्या एका कागदासाठी होतं. निदान मला त्या वेळी तसं वाटलं. आता इतक्या काळानं वाटतं की सुरुवातीला तसं नसावं. मुलीला वर्गात खाली बघावं लागू नये म्हणून तिनं तिच्या घराण्यात शिकवतात तसं शिकवायला घेतलं असेल, आणि मग मी भोळेपणानं कागद हातात दिल्यावर तिला त्याचा उपयोग सुचला असेल. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मी ओरडले, "केसानं गळा कापलात माझा. मैत्रीण म्हणत होते मी तुम्हाला."

ती उठली. पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी माझ्या पोरींचं बघितलं, अक्का. तुमचं ह्यात काय गेलं?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. माझं कौतुक गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकेनं सांगितलं, अर्जाची मुदत संपली आहे. एकच वाट आहे. उशिराचा अर्ज, त्याला आई-बापांची सही, माझं पत्र की आधीचा अहवाल का चुकला, आणि मग शिक्षण खात्याच्या कचेरीत दोन तपासनीसांसमोर मुलीची नव्यानं चाचणी, तिचं वाचन खरंच अडतं हे त्यांना दिसायला. परीक्षा मार्चमध्ये. लेखनिक नसेल तर ही मुलगी गणितातसुद्धा नापास होणार होती. गणित तिला उत्तम येत होतं, पण प्रश्न वाचता यायला हवा ना.

पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यात सगळा दोष आईवर होता. दुसऱ्यात कोणावरच नव्हता. तिसऱ्यात मी लिहिलं, की तपासणीचे उतारे मी सांभाळून ठेवले नाहीत, की सुधारणा इतकी वेगानं होत नसते हे माहीत असूनही मी शंका घेतली नाही, आणि अहवालातून सवलतीची शिफारस मी गाळली. मुख्याध्यापिकेनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे फार प्रामाणिक आहे, मॅडम." त्यानंतर त्या शाळेनं माझ्याकडे एकही मूल पाठवलेलं नाही. मी तिला दोष देत नाही. म्हणजे देते, पण फार नाही.

सहीसाठी आई तयार नव्हती. वडील कामानिमित्त बाहेरगावी असायचे आणि घरच्या कागदांवर बायको म्हणेल तिथे सही करायचे. मी निरोप पाठवले, फोन केले, तिनं उचलले नाहीत. चौथ्या दिवशी अर्ज सहीसकट शाळेत पोचला. घरात काय झालं ते मला मुलीनं नंतर एका वाक्यात सांगितलं. "मी दोन दिवस जेवले नाही, मिस."

सवलत मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाला त्यासाठी थांबायला नको. जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाली, मुलगी दहावी बऱ्यापैकी गुणांनी पास झाली. थोरलीचं लग्नही झालं, त्याच घरात. मला आमंत्रण नव्हतं. इतकं सगळं सरळ झाल्यावर मी हे पुन्हा का उगाळत बसले आहे, असं नवरा विचारतो. त्याला मी चाचणीच्या दिवसाचं सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. मध्ये मुलगी, एका बाजूला आई, एका बाजूला मी. आई आणि मी एकमेकींकडे बघत नव्हतो. दोघी मुलीशीच बोलत होतो, तेही आळीपाळीनं. आई तिला डब्यातली इडली खा म्हणत होती. मी तिला सांगत होते की आत दोघे असतील, ते वाईट नाहीत, ते रागावणार नाहीत. तिनं शाळेचा गणवेश घातला होता, दोन घट्ट वेण्या, त्यांना पांढऱ्या रिबिनी. ती इडली खात नव्हती आणि माझं ऐकतही नसावी. ती समोरच्या भिंतीवरच्या सूचनेकडे बघत होती, कन्नडातल्या, आणि तिचे ओठ हलत होते. ती वाचत होती की कधीतरी ऐकलेलं आठवत होती, हे मला सांगता येईना. अडीच वर्षं जिला शिकवलं, तिचे हलणारे ओठ बघून मला ते ओळखता येत नव्हतं.

शिपायानं तिचं नाव पुकारलं. ती उठली, स्कर्ट सारखा केला, दाराकडे चार पावलं गेली आणि परत आली. मला वाटलं, पाणी हवं असेल. ती माझ्याकडे वाकली, आईला ऐकू जाऊ नये इतपत हळू आवाजात, आणि अगदी कामाचं विचारावं तसं तिनं मला विचारलं, "मिस, ह्या वेळी किती चुका करू?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला चेष्टा करायची नव्हती. तिला खरंच आकडा हवा होता. शिपायानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ती आत गेली.